पायाला भिंगरी असलेला पॅल

मी एक जुना शब्द आहे. माझं नाव पॅल. इंग्रजीत बोलताना दोस्ताला मायेने 'पॅल' म्हणतात, तो मीच. मित्रांनो, माझ्या पायाला भिंगरी आहे. एका जागी मला करमत नाही.

तुम्ही मला साहेबाचा समजता. तसं नाही, माझं मूळ इकडचंच. संस्कृतातला 'भ्रातृ' माझा पूर्वज, म्हणजे तुमचा 'भाऊ' माझा चुलतभाऊ लागतो. हजारेक वर्षांपूर्वी भटकी रोमानी माणसं इकडून निघाली आणि मला आपल्या बोलीत घेऊन मुलूखमुलूख हिंडत इंग्लंडला पोचली. तिथे माझा अर्थ भावावरून मित्रावर आला. शिष्टांनी नाकं मुरडली, साध्या माणसांनी मात्र जीव लावला. आता पोरं 'ब्रो' म्हणतात नि मी कोशात धूळ खातो. राग येतो मला.

यंदा पाथर्डीकडच्या एका शाळेत आठवीतल्या पंकजाने मला कोशातून शोधून काढलं. गोरक्ष सरांनी मित्रासाठीच्या एखाद्या इंग्रजी शब्दाची माहिती लिहून आणायला सांगितली होती. पंकजाची मैत्रीण ज्ञानेश्वरी दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला बेलापूरकडे गेली होती. तिकडे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. आईबाप उसाच्या फडात गेले, की धाकट्या भावाला सांभाळायला ती कोपीवर, म्हणजे पाचटाच्या खोपटात थांबते.

माहिती वाचून दाखवायच्या दिवशी सरांसमोर हजेरीपट उघडा होता. ज्ञानेश्वरीच्या नावापुढे गैरहजेरीची रांग लागली होती. नाव कमी करायला त्यांनी पेन उचललं, तशी पंकजा वही घेऊन उभी राहिली. माझी हकिगत तिने घाईघाईने वाचली आणि म्हणाली,

"सर, ह्यो शब्द फिरस्त्या लोकांसंगं हजार वर्सं फिरला, तरी त्याचं नाव पुस्तकात हाय. ज्ञानेश्वरी तर गुढीपाडव्याला माघारी येनार हाय. तिचं नाव नका काढू."

"आणि नाही आली तर?"

"मी तिला रोज फोनवर अभ्यास सांगते. येनार ती."

सरांनी पेन खिशाला लावलं.

तेव्हापासून ते रोज ज्ञानेश्वरीचं नाव पुकारतात आणि पंकजा उत्तर देते, "ऊसतोडीला गेलीया, सर."

मित्रांनो, पाडव्याला अजून महिना आहे. माझा जीव थाऱ्यावर नाही. मला विसरलात तरी चालेल, कोशात मी तग धरीन. पण तुमच्या वर्गातलं कोणी दूर गेलं असेल, तर त्याचं नाव खोडू देऊ नका.