तांब्याची रांगोळी

रोशनीनं नरसाळ्याच्या तोंडाखालचं बोट काढलं आणि तांब्याची भुकटी न अडखळता एका धारेत साच्यात उतरली.

"पुन्हा," श्रीधर सर म्हणाले. "मॅडमना नीट दिसू दे."

टेबलापलीकडे पेटंटच्या वकील रीना मॅडम बसल्या होत्या. बारीक भुकटी नरसाळ्यात चिकटून बसते. रोशनी ती आधी हलकी भाजून घेई आणि तिच्यात थोडे जाड कण मिसळी. एवढंच. मे महिन्यात भुकटी दाबून सुटे भाग पाडणारा प्रेस अडला, लाइनवरच्या बायांना बोलणी बसू लागली, तेव्हा तिच्यानं राहवलं नाही. तिनं ते करून दाखवलं. राहवलं असतं तर बरं झालं असतं.

भिंतीवर पितळी पाट्या होत्या. प्रत्येक पेटंटची एक. नाव रोशनीचं, मालकी कंपनीची. पाहुणे आले की सर तिला तिथं उभं करत. एरवी त्या भिंतीजवळून ती अंग चोरून जाई. नव्या पाटीसाठी खिळा कालच ठोकला होता.

"सही झाली की पद्धत कंपनीची," रीना मॅडम म्हणाल्या. "नोकरी सोडलीत तरी बाहेर वापरता येणार नाही."

हिंगण्याच्या शेडमध्ये तिच्या नवऱ्यानं, नागसेननं, जुना प्रेस आणून ठेवला होता. पावसाळा सरला की नोकरी सोडून तिथं स्वतःचं काम सुरू करायचं, दोघांचं ठरलं होतं. सकाळी डबा हातात देताना तो म्हणाला होता,

"सही नोको करू न वं."

"नेमणुकीच्या कागदावर लिहून देल्लं आहे मी. डोक्यात येईन ते कंपनीचं."

"मंग सपनं बी त्याह्यचेच का?"

ती हसली होती. डब्याचं झाकण मात्र तिच्याकडून नीट लागलं नव्हतं.

"शेवटचं," रीना मॅडमनी विचारलं, "हे आधी बाहेर दाखवलंय कुठं? लोकांसमोर?"

"छे," सरच बोलले. "लॅबबाहेर गेलंच नाही."

"मला यांच्याकडून ऐकायचंय. दाखवलं असेल तर पेटंट मिळणार नाही. मग ते कोणीही वापरावं."

रोशनीनं मान वर केली. "कोणीही?"

"कोणीही. तुमचं नाव मात्र कुठंच राहणार नाही."

रोशनीनं बोटांवरची भुकटी चोळली.

तिला चौदा एप्रिलची सकाळ आठवली. गल्लीच्या तोंडाशी तिची आई, कौसल्या, अशोकचक्र काढत बसली होती. आरे तांब्याचे हवेत, असा हट्ट तिचाच. शेडसाठी आणलेली भुकटी, पण चिमटीतून सुटेना. रोशनी घरातून तवा घेऊन आली.

"काहून वं इंजिनेरबाई," शेजारच्या भीमाबाईनं टोमणा मारला, "जयंतीच्या दिवशी तांबं भाजून राहिली?"

मग रोशनी सगळ्यांना सांगत सुटली, किती भाजायचं, जाड किती घालायचं. एकेक बाई खाली बसली, एकेक आरा उमटला. कोणता कोणाचा, कोणी विचारलं नाही.

"दाखवलंय," रोशनी म्हणाली. "आमच्या गल्लीत. एप्रिलमध्ये. रांगोळीत."

सर हसले. "रांगोळी कोण मोजतं, रोशनी?"

रीना मॅडम हसल्या नाहीत. "कसं केलं, तेही सांगितलं होतं?"

"सगळं."

"व्हिडिओ?"

"अख्ख्या मोहल्ल्याकडं आहे."

मॅडमनी पेनला टोपण लावलं. सरांनी नरसाळं बाजूला सारलं.

"तुला कळतंय ना, काय बोललीस?"

"हो, सर."

तिनं टेबलावर सांडलेली भुकटी हातानं गोळा केली, डब्यात ओतली, झाकण घट्ट लावलं. दाराशी जाताना गळ्यातलं ओळखपत्र काढून तिनं भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याला अडकवलं.