पुन्हा पुन्हा घासलेला बंपर

मित्रांनो, मी एका जुन्या पांढऱ्या मोटारीचा पुढचा बंपर आहे. कुठे ठोकर बसलीच तर ती आधी मी सोसायची, एवढ्यासाठीच माझा जन्म. कारखान्यात प्लास्टिकचे दाणे वितळवून मला साच्यात घडवलं, रंग दिला आणि मी हैदराबादला, जामबागेतल्या संभाजीरावांच्या घरी आलो.

संभाजीराव मूळचे नांदेडकडचे, नामपल्लीला नोकरीत होते. गाडी निघाली की शेजारी त्यांच्या पत्नी त्रिवेणीबाई बसत. आबिड्सच्या बाजारातल्या गर्दीत माझ्यापेक्षा त्याच जास्त दचकत. "अहो, हळू! तो आटोवाला बघा!" भीमजयंतीला त्या मला ओल्या फडक्याने पुसून निळी फीत बांधत. तेव्हा मी कसा ऐटीत मिरवायचो!

मग त्रिवेणीबाई वारल्या. मुलगी पिंकी नोकरीसाठी पुण्याला गेली. संभाजीरावही निवृत्त झाले आणि गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये उभीच राहू लागली. एकदा ती लावताना मी खांबाला घासलो. रंगाचे पोपडे निघाले, अंगावर खोल ओरखडे पडले. कितीतरी महिने माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. माझ्यावर धूळ साचत गेली.

एके सकाळी संभाजीराव पाना घेऊन खाली आले. "चल बाबा, तुला नीट करू," म्हणाले. त्यांनी मला सोडवून दोन स्टुलांवर आडवं ठेवलं. गाडीपासून मी पहिल्यांदाच वेगळा झालो होतो. समोर ती तोंड उघडं पडल्यासारखी उभी होती. मला फार एकटं वाटलं.

त्यांनी मला साबणाने धुतलं, पॉलिशपेपरने घासलं, ओरखड्यांत पुट्टी भरली. त्या कामाने एक गंमत झाली. येणारे-जाणारे थांबू लागले. वरच्या मजल्यावरचे अप्पाराव स्कूटर काढता काढता म्हणाले, "क्या साब, खुदीच कर लेरे?"

"हौ, वक्त जाता," संभाजीराव हसले.

अप्पाराव ऑफिस विसरून सल्ले देत बसले. तळमजल्यावरच्या भाग्यलक्ष्मीबाई चहा घेऊन आल्या. त्या महाराष्ट्राच्या सीमेवरच्या आदिलाबादच्या, म्हणून मोडकंतोडकं मराठी बोलत. घरात दिवसदिवस न वापरलेला संभाजीरावांचा आवाज हळूहळू मोकळा झाला.

रंगाआधीचा प्रायमर लागला, वाळला. मी गुळगुळीत झालो. आता फक्त रंग द्यायचा राहिला होता. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा पॉलिशपेपरच उचलला. घासून तो थर काढला, नवा लावला, आणि तोही पुढे घासून टाकला. असं चालतच राहिलं. जिन्यात पावलं वाजली की त्यांचा हात जोरात चाले. कुणी नसलं की तो माझ्यावर नुसता पडून राही.

मित्रांनो, मला तेव्हा उमगलं. माझं काम संपलं असतं, तर त्यांना वर रिकाम्या घरात जावं लागलं असतं.

मी सोसत राहिलो. शेवटी कडेला माझं काळं प्लास्टिक उघडं पडलं. भाग्यलक्ष्मीबाई कप ठेवता ठेवता थबकल्या.

"अंकल, हे तर चांगलं झालं होतं ना? परत का घासले?"

संभाजीराव खाली बघत म्हणाले, "थोडा खडबडीत वाटला."

भाग्यलक्ष्मीबाईंनी माझ्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "अंकल, चहा प्यायला बंपर कशाला पायजे? घर इथंच आहे माझं."

संभाजीरावांचा चेहरा उतरला. हातातला कागद त्यांनी खिशात कोंबला आणि ते वर निघून गेले. पुढचे कित्येक दिवस ते आलेच नाहीत. मी अर्धवट अंगाने स्टुलांवर पडून होतो. आता माझ्यापाशीही कुणी थांबेना. एवढा एकाकी मी कधीच नव्हतो.

मग एकदा ते आले, ते स्प्रेचा डबा हलवतच. उघडी पडलेली कड त्यांनी प्रायमरने झाकली आणि वाळू दिली. मग पातळ थर, थोडं वाळणं, पुन्हा पातळ थर. कोपऱ्यात मात्र एक ओघळ राहिला. बसवताना दुसरं टोक अप्पारावांनी धरलं. "एकदम नवा, साब!" म्हणत ते कामावर गेले.

संभाजीराव हात पुसत उभे राहिले. बोलायला कुणी नव्हतं. मग ते जिना चढले. मला वाटलं, झालं, आता ते पुन्हा खाली कशाला येतील?

पण ते आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. तळमजल्याच्या दारापुढे बराच वेळ घुटमळले. घंटेपाशी गेलेला हात दोनदा मागे आला. मग एकदाची घंटा वाजली.

"चहा... झाला का तुमचा?"

"नाही, अंकल. या ना आत."

दार लागलं. मी बाहेर, पार्किंगमध्ये होतो. तिथेच तर माझी जागा.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, हे मी सांगतोच. पण तुमच्या इमारतीत कुणी गुळगुळीत वस्तू पुन्हा पुन्हा घासत बसलेलं दिसलं, तर त्या वस्तूकडे बघू नका. घासणाऱ्याला घरात बोलवा.