बाथरूमची कडी

भिंगरीचे बाबा सुतार. दिवसभर लोकांच्या दारांना कड्या बसवायचे आणि स्वतःच्या घरात मात्र कडी औषधालाही नाही. अगदी बाथरूमलासुद्धा नाही! त्यामुळे आत जो असेल त्याने सतत आवाज करायचा, असा घरचा कायदाच होता. बाबा शीळ घालायचे, आई झाडून साऱ्या नातेवाइकांची उणीदुणी काढायची, दादा सामन्याचं समालोचन करायचा. आवाज थांबला की बाहेरून लगेच हाक: "काय गं, आहेस ना?"

याचं कारण जुन्या गावातलं. भूकंपात तिथलं घर कललं, चौकट दबली आणि बाबांची धाकटी बहीण बाथरूममध्ये अडकली. दार बाबांनीच केलेलं, कडीही त्यांनीच बसवलेली. दोन्ही पक्की. बराच वेळ आतून आत्याचा आवाज येत होता. मग थांबला. भिंगरी तेव्हा रांगत होती. तिला हे सगळं आईकडून ठाऊक. बाबा त्यावर बोलत नसत.

आता नव्या शहरात भिंगरी दहावीला पोचली होती आणि तिची जिवलग मैत्रीण ढापणी अभ्यासाला मुक्कामी येणार होती. आजवर भिंगरीने कुणालाच घरी आणलं नव्हतं. कोणत्या तोंडाने आणणार?

"बाबा, एकच कडी. ढापणी काय आपल्याकडे येऊन बाथरूममध्ये गाणी म्हणणार आहे?"

"बघू."

"तुमचं 'बघू' म्हणजे 'नाही'च असतं!"

पण शनिवारी शाळेतून येऊन बघते तर काय, दाराला नवी कोरी पितळी कडी! भिंगरी घरभर नाचली.

"उघडते नीट. मी बघितलीय," बाबा म्हणाले.

"दुपारभर तेच चाललंय," दादा पुटपुटला.

ढापणी आली, जेवली आणि बाथरूममध्ये गेली. कडी खट्कन लागली. त्यानंतर आतून काहीच नाही.

आईने गॅस बंद केला. दादाने टीव्ही बंद केला. बाबा पटाशी आणि हातोडी घेऊन दारासमोर उभे राहिले.

दार उघडलं. ढापणी ओल्या तोंडाने सगळ्यांकडे बघतच राहिली.

"काय झालं? रांग आहे का?"

संपलं, भिंगरीला वाटलं. सोमवारी वर्गभर होणार.

बाबांनी हत्यारं पाठीमागे नेली. "बाळा, रागावू नकोस. आत असलीस की जरा गात राहशील? बाहेर... काळजी वाटते."

ढापणीने भिंगरीकडे पाहिलं. भिंगरी पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

"काका, माझा आवाज म्हणजे फुटका डबा," ढापणी म्हणाली. "पाढे चालतील?"

सकाळी कडी लागली आणि लगेच आतून खणखणीत पाढा सुरू झाला.

"तेरा साते एक्क्याण्णव! तेरा आठे... अठ्ठ्याण्णव!"

"एकशे चार!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. "दहावीला आहेस ना गं?"

बाबा दाराकडे तोंड करून बसले होते, पण बसले होते. आणि चहा त्यांनी गरम असतानाच प्यायला.