डावीकडचे हत्ती

"तुम्हाला गाडी चालवता येते, बाई. पण तुम्ही सगळ्यांनाच पुढे जाऊ देता," असं म्हणून परीक्षकाने मला तिसऱ्यांदा नापास केलं.

चौकात रस्त्याचा हक्क माझा होता. तरी मी थांबले आणि सायकलवरच्या आजोबांना हाताने "या, या" केलं. मागच्या गाडीला कचकन ब्रेक मारावा लागला. आमच्याकडे याला चांगुलपणा म्हणतात. नेदरलँड्समध्ये याला चूक म्हणतात, आणि तोंडावर सांगतात.

साठीला आलेली बाई लायसन्सच्या मागे लागली म्हणून बेस्ट या आमच्या डच गावातल्या मराठी मंडळींची चांगली करमणूक झाली. पण त्याला कारण होतं. आमच्या यांनी, यतीननी, सगळी नोकरी चिप बनवणाऱ्या यंत्रांत घालवली आणि निवृत्तीनंतरचं एकच ठरवलं: आफ्रिकेत क्रूगरच्या जंगलात स्वतः गाडी चालवायची आणि हत्ती दिसला की इंजिन बंद करून हवं तितका वेळ बघत बसायचं. गेल्या वर्षी स्ट्रोक आला. बोलणं-चालणं परत आलं, पण दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली. समोर बघताना निम्मं जग त्यांना दिसतच नाही. लायसन्स अर्थातच गेलं. मी आयुष्यभर शेजारी बसून फक्त चिवडा पुरवलेला.

नापास झाल्याचं कळल्यावर आमची लेक उल्का लायडस्खेनडामहून आली. "आई, ग्रुप टूर घ्या ना. जीप असते, गाइड असतो. बाबांना काहीच करावं लागणार नाही."

"तेच तर," हे म्हणाले. "मला काहीच करावं लागणार नाही."

"आणि जीपमध्ये ज्या बाजूला बसवतील तेवढंच जंगल," मी म्हटलं.

"पण आई, तीनदा फेल झालीयेस तू!"

"मग चौथ्यांदा बसेन."

त्या दिवसापासून जेवणं झाली की टेबलावर चौक मांडला जाई. वाट्या म्हणजे गाड्या, लिंबं म्हणजे सायकली. डावीकडचं लिंबू यांना दिसत नसे. मी सांगितलं की ते मान वळवून शोधत.

"ही वाटी तुझी. लिंबू डावीकडून आलं. हक्क कोणाचा?"

"माझा."

"मग थांबलीस का?"

"अहो, आपटलं-बिपटलं तर?"

"अगं, लिंबू आहे ते!" हे ओरडले, आणि मग दोघंही हसत सुटलो. स्ट्रोकनंतर घरात असं हसू पहिल्यांदाच आलं होतं.

चौथ्या परीक्षेत शाळेजवळच्या चौकात डावीकडून एक बाई सायकल दामटत आली, पुढच्या पेटीत पोर. माझा पाय ब्रेककडे गेला. ती वेग कमी करत होती. मनाचा हिय्या करून मी पुढे निघाले. कोणाला तरी थांबवून आधी मी गेले, आणि आभाळ कोसळलं नाही. परीक्षकाने पास केलं तेव्हा मी त्याच्यासमोरच रडले.

क्रूगरमध्ये गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग उजवीकडे. एका सकाळी नदीच्या पात्रात हत्तींचा कळप उतरला. यांच्या खिडकीच्या बाजूला, डावीकडे.

"अहो, हत्ती!"

"कुठे?" यांनी मान पार खांद्यापर्यंत वळवली. एक सापडला की बाकीचे हरवत. पिल्लू बघायला गेले तर आई नाहीशी. थोड्या वेळाने मान सरळ करून म्हणाले, "असू दे. तू बघ."

मागे दोन गाड्या उभ्या होत्या. मी सिग्नल दिला आणि गाडी सरळ रस्त्यात आडवी घातली. मागचा माणूस वैतागून हातवारे करू लागला. कर म्हटलं. मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली आणि आलो होतो त्या दिशेला तोंड करून इंजिन बंद केलं. हत्ती आता माझ्या खिडकीच्या बाजूला, उजवीकडे आले.

"बापरे," हे म्हणाले. "किती आहेत गं! आणि ते पिल्लू बघ, ते बघ, आईच्या पोटाखाली!"

मी सीट होईल तितकी मागे पाडली आणि डोकं टेकून पडून राहिले. त्यांच्या आणि हत्तींच्या मध्ये माझी अडचण नको.