झेबाचा कंदील

तिसरीच्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गात बसून आकाशकंदील केले, आणि ते बघून वैजयंतीबाईंनी कपाळाला हात लावला. झेबाचा कंदील तर नमुनाच होता. सगळीकडे गोंदाचे ओघळ आणि खाली हिरव्या शेपट्या, एक वीतभर तर एक बोटभर! उद्या पालकसभा. शेजारच्या वर्गातले कंदील दुकानातल्यासारखे झुलणार आणि आपलं मात्र हसं होणार. शाळा सुटल्यावर बाईच कात्री घेऊन बसल्या. त्यांनी जुने कागद सोलून काढले, नवे चिकटवले, शेपट्या एका मापात कापल्या आणि प्रत्येक कंदिलावर मुलाचं नाव लावलं.

पालकसभेत जो तो मान वर करून वाहवा करत होता. बाई नुसत्या फुलून गेल्या होत्या.

"झेबा, हा बघ तुझा!" तिच्या आईने, मरियमने, बोट दाखवलं. "किती छान केलायस गं!"

झेबाने टाचा उंचावून कंदील नीट पाहिला. "नाव चुकून लागलंय, अम्मी. हा माझा नाही." मग ती बाईंजवळ आली आणि त्यांचीच समजूत घालावी तशी हळूच म्हणाली, "माझा वाकडा झालेला, म्हणून नाही ना लावला? चालेल, बाई. मी तो घरी दारात लावते. द्याल?"

बाईंचं तोंड एवढंसं झालं. टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यातून एक हिरवी शेपटी बाहेर लोंबत होती. बाईंनी पायानेच डबा मागे सरकवला.