सासूबाईंचा दम

दिवसा रंगाच्या कारखान्यात डब्यांना झाकणं ठोकायची आणि संध्याकाळी माउथ ऑर्गन खिशात टाकून ब्लूजची विलायती गाणी वाजवायला निघायचं, यातच त्याची उमेदीची वर्षं सरली. दोन रेकॉर्ड निघाल्या, बऱ्या खपल्या, मग लोक विसरले. घरात मात्र सासूबाईंचं पालुपद चालूच होतं, "जावईबापू, ते खेळणं तोंडातून काढा आणि जेवून घ्या."

त्याच सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. डॉक्टरांनी हात टेकले आणि त्यांना घरी पाठवलं. मागच्या खोलीत त्या डोळे मिटून पडून असायच्या. घशातली घरघर तेवढी ऐकू यायची.

एका दुपारी बायको म्हणाली, "अहो, वाजवा ना काहीतरी. घर नुसतं खायला उठलंय."

"आईंना आवडायचं नाही."

"आता कुठे कळतंय तिला!"

त्याने संथ चाल धरली. ब्लूजमधले रडवे सूर श्वास आत ओढूनच निघतात. थोड्या वेळाने आईचे पाय पुसणारा बायकोचा हात थबकला. घरघर थांबली होती. तो श्वास ओढी तेव्हा म्हातारीची छाती वर येई, सोडला की खाली जाई. खातरी करायला तो थांबला, तर छातीही थांबली. ओठ काळेनिळे पडू लागले.

"वाजवा!" बायको किंचाळली.

तो वाजवत राहिला. ओठ सोलवटले, डोळ्यांपुढे अंधारी आली. दिवेलागणीला बायकोने आईचे केस विंचरले आणि ती हळूच म्हणाली, "सोडा आता तिला."

"मी नाही सोडणार."

"मी सांगतेय ना."

त्याने सूर बारीक करत नेला, एक लांब श्वास सोडला आणि माउथ ऑर्गन खाली ठेवला. सासूबाईंनी पुढचा श्वास घेतला नाही.

पुढे कित्येक महिने त्याने वाद्याला हात लावला नाही. शेवटी त्याच्या साथीला असायचा तो जुना ड्रमवाला त्याला ओढूनच स्टेजवर घेऊन गेला. गाण्याच्या मध्यावर तो दम रोखून थांबला, आणि ओठांशी धरलेला माउथ ऑर्गन आपसूक वाजला. कुणीतरी श्वास ओढावा तशी हवा त्याच्या ओठांवरून आत गेली. त्याची छाती मात्र तसूभरही हलली नव्हती.

"दादा, श्वास न घेता सूर कसा काढलात?" ड्रमवाल्याने विचारलं. त्याने माउथ ऑर्गन झटकून खिशात टाकला. त्या सुरासाठी लोक गर्दी करू लागले. आजवर कधी मिळालं नव्हतं ते नाव उतारवयात मिळालं, पण तो सूर जवळ आला की तो डोळे गच्च मिटून घेई.

अखेर त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती पुढच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत येऊन बसली, आणि तो सूर निघताच कान देऊन पुढे झुकली.

घरी परतताना तिचा चेहरा कसा फुलून आला होता.

"मध्येच ठसका लागला आईला," ती म्हणाली. "उद्या जरा सावकाश वाजवा."

"बरं," तो म्हणाला. त्याने खिशातला माउथ ऑर्गन काढून अलगद रुमालात गुंडाळला.