आठवी जागा

"हात मागे घे, तैयब."

दुरैयाबेननं आवाज चढवला नव्हता, तरी थाळाभोवती बसलेले सातही जण थबकले. आठव्या जागी बसायला वाकलेल्या तैयबअलीचं बोट मिठाच्या वाटीपासून दोन अंगुळांवर थांबलं. मीठ चाखल्याशिवाय त्यांच्या जमातीत जेवण सुरू होत नाही, आणि थाळ एकच, सगळ्यांचा.

"चिमूटभर मीठ तर आहे, बेन."

"त्या चिमटीत सात जणांची बोटं जायचीत."

तैयबअली दाहोदच्या बाजारात पत्र्याच्या पेट्या ठोकायचा. त्याचं रक्तच नासलं, तेव्हा अहमदाबादच्या डॉक्टरांनी भावंडांना तपासलं. चौघांत जिच्या पेशी जुळल्या ती एकटी थोरली बहीण दुरैयाबेन. एका दुपारी तिच्या रक्तातून काढलेल्या, नवं रक्त घडवणाऱ्या पेशींची लहानशी पिशवी त्याच्या अंगात थेंबाथेंबानं उतरली. आता त्याचा रक्तगटसुद्धा तिचाच झाला होता.

"घरात दोन दोन दुरैया झाल्या," तिचा नवरा मुस्तनसिर म्हणाला. "एकीचीच बोलणी खाऊन पोट भरत होतं माझं."

सगळे हसले. दुरैयाबेन हसली नाही.

"तिसऱ्या महिन्यात उसाचा रस प्यालास. नंतर काय झालं?"

तैयबअलीनं हात मागे घेतला. गाड्यावरचा अर्धा पेला, त्यावर ताप, जुलाब आणि अकरा दिवस दवाखान्यात. अकराही दिवस ही बाई काचेपलीकडे बाकावर बसून होती.

"तुझं रक्त अजून तान्हं आहे. तान्ह्या पोराला गाड्यावरचा रस पाजशील? आठ हातांच्या थाळात बसवशील?"

"लाज वाटते, बेन," तो हळूच म्हणाला. "पाच महिन्यांनी तुझ्या दारी जेवायला आलो. जिनं जीवदान दिलं तिच्याच थाळापासून लांब बसायचं? आणि तसंही, औषधांनी जीभ मेलीय. काहीही खाल्लं तरी ओला कागद चघळल्यासारखं लागतं. म्हटलं, निदान तुमच्यात बसून खावं."

दुरैयाबेन आत गेली. कुकरची शिट्टी वाजली, थांबली. बाहेर थाळातलं मटण निवत चाललं होतं. मुस्तनसिरनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि नजर छताकडे वळवली.

ती आली तेव्हा हातात वेगळं ताट होतं. वाफाळती खिचडी, मऊ शिजलेलं मटण, साल काढून उकडलेलं सफरचंद. कच्चा कांदा नाही, लोणचं नाही, दही नाही. उकळून गार केलेल्या पाण्याचा पेला, आणि एक चिमुकली वाटी.

"वाटी उकळून घेतलीय. मिठाची पुडी आत्ता फोडली. हात साबणानं धुतलेस?"

"धुतले."

थाळाभोवती आठव्या माणसाची जागा रिकामी होती. तिनं तिथं पाट मांडला, थाळापासून हातभर मागे, आणि त्यापुढं ताट ठेवलं.

"ही तुझी जागा. वर्षभर अशीच राहील. पुढं डॉक्टर म्हणतील तेव्हा पाट पुढं सरकवू."

तो बसला. मग त्याच्या लक्षात आलं, की मधल्या मिठाच्या वाटीला अजून कुणाचंच बोट लागलेलं नाही.

"सुरू करा ना तुम्ही."

"तुझं मीठ चाखून झालं की करतो," मुस्तनसिर म्हणाला. "पण लवकर कर बाबा, तुझ्या बहिणीनं सकाळपासून चहासुद्धा दिलेला नाही."

तैयबअलीनं बिस्मिल्ला म्हटलं, आपल्या वाटीत बोट टेकवलं आणि जिभेवर ठेवलं.

खारट होतं.

त्यानं पुन्हा बोट टेकवलं. खारटच होतं. मग त्यानं मान वर केली. थाळाभोवतीचे सातही हात अजून मांड्यांवरच होते.

"घ्या," तो म्हणाला.